ठोकळ्यातली खरखर

माणसानं मारलेली थाप निदान तोंडात तरी राहते, वेळ आली तर गिळून टाकता येते. मामांच्या भाचीनं मारलेली थाप मात्र एका मशीनच्या पोटात चार स्क्रू पिळून बसवलेली होती, आणि ते मशीन छातीशी कवटाळून ती रविवारी सकाळी मामांचा जिना चढत होती. तीन मजले. प्रत्येक वळणावर ती थांबायची आणि आपण मशीनच्या वजनामुळं थांबतोय असं स्वतःला बजावायची. मशीन तसं काही फार जड नव्हतं.

घरात तिला खुडबुडी म्हणत. नाव मामांनीच ठेवलेलं. पाच वर्षांची असताना तिनं त्यांच्या गजराच्या घड्याळाचं पाठचं झाकण चमच्यानं उचकटलं होतं. आई हात उगारून धावली, पण मामा मध्ये पडले. त्यांनी भाचीला मांडीवर घेतलं, खरा स्क्रूड्रायव्हर आणला आणि उरलेलं घड्याळही उघडून दाखवलं. घड्याळ गेलं ते गेलंच. पण "हात लावू नकोस" हे वाक्य, जे तिनं आईकडून, शिक्षकांकडून, पुढं नवऱ्याकडूनसुद्धा हजारदा ऐकलं, ते मामांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. आता चाळिशी आली होती, आणि ते वाक्य आज ऐकावं लागणार अशी तिला धास्ती होती.

लहानपणच्या त्या उचकापाचकीचाच तिनं पुढं धंदा केला. ती आणि तिचा एक भागीदार, दोघं मिळून जुन्या ड्रम मशीनची सॉफ्टवेअर बनवत. त्या जुन्या मशीनमध्ये रेकॉर्ड केलेलं काहीही नसतं. नुसते ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर आणि तारा. त्यांच्यातून वीज फिरते, आणि त्या फिरण्याचाच कुठं ढोल होतो, कुठं झांज होते. खुडबुडीचं काम असं, की त्यातला एकेक तुकडा मोजायचा, त्याचं गणित मांडायचं आणि ते गणित कॉम्प्युटरकडून इतक्या इमानानं करून घ्यायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, जुनं मशीनच वाजतंय. लोक विचारायचे, अगं, मग सरळ रेकॉर्ड का करून ठेवत नाहीस? तिला या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. ती म्हणायची, माणसाचा फोटो काढला म्हणजे माणूस घरी आला का?

आता ज्या मशीनसाठी एवढं रामायण, ते मामांचं. त्याला सगळे ठोकळा म्हणत. मामा दिवसा पाणीखात्यात कारकून आणि शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये ऑर्गनवाले. तिघांचा बँड. त्यातला ड्रमवाला आला तर आला. सलग दोन शनिवार तो उगवला नाही तेव्हा मामांनी वैतागून हे मशीन आणलं. दोन्ही बाजूंना लाकूड, पुढं बटणांची रांग, आणि वेग कमीजास्त करायची एक गोल खुंटी. मामा सांगायचे, ठोकळा दांडी मारत नाही, पोट बिघडलं म्हणत नाही आणि गाणाऱ्या बाईकडं बघत बघत ताल सोडत नाही. वेगाच्या खुंटीशेजारी मामीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. जेवण झालेल्या जोडप्यांना नाचायला बरा पडेल तो वेग. मामा चौदा वर्षं त्या ठिपक्यावरच वाजवत आले.

हॉल कधीच बंद पडला, पण ठोकळा मामांनी कोणाला दिला नाही. एक दोघं शौकीन घरी येऊन गेले. उघडून बघू द्या म्हणाले. मामांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. आजवर त्याला माझ्याशिवाय कोणी उघडलेलं नाही, असं ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज एवढा करारी व्हायचा की पुढं विचारायची कोणाची छाती व्हायची नाही. खुडबुडीनं मागितला तेव्हा मात्र ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले, आणि मग घेऊन जा म्हणाले. अट एकच घातली. सॉफ्टवेअर तयार झालं की ठोकळा घेऊन यायचं. मामा पाठ करून बसणार. एकदा ठोकळा वाजवायचा, एकदा कॉम्प्युटर. मामांना फरक ओळखता आला तर त्या सॉफ्टवेअरला ठोकळ्याचं नाव द्यायचं नाही, वर फोटोही छापायचा नाही. आणि ओळखता आला नाही तर, असं तिनं विचारल्यावर मामा म्हणाले होते, तर मी म्हातारा झालो असं समज.

चार महिने कामात गेले. ढोल जमला, झांज जमली. सगळ्यांत चिवट निघाली ती खरखर. ठोकळ्यात एक ट्रान्झिस्टर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. तो बिचारा उलट्या विजेनं सतत खरखरत राहतो, रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकला की खरखरतो तसा. ती खरखर कापून कापून स्नेअरचा, म्हणजे ताशासारख्या छोट्या ढोलाचा, फटका होतो आणि झांजेचा सळसळाट होतो. एका ट्रान्झिस्टरच्या जिवावर अर्धा बँड. ठोकळ्याची खरखर जरा जाडीभरडी, मधूनच घसा खाकरल्यासारखी. खुडबुडीनं तिच्यावर सहा आठवडे काढले. ती कशी चढते, कशी उतरते, किती वेळानं खाकरते, सगळं मोजलं. एवढं मोजताना तिला एक गोष्ट दिसलीही होती. त्या ट्रान्झिस्टरचं सोल्डर बाकीच्यांपेक्षा ओबडधोबड होतं आणि त्याच्या पाठीवरचा नंबर पुसलेला होता. जुन्या कारखान्यात चालायचंच असं, म्हणून तिनं सोडून दिलं.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी दुपारी, सगळं मोजून झालेलं असताना, केवळ एकदा खात्री करावी म्हणून तिनं मीटरची पिन पुन्हा त्या ट्रान्झिस्टरच्या पायाला लावली. पिन सरकली. एका वेळी दोन पायांना टेकली. ठिणगी नाही, धूर नाही, काही नाही. नुसती खरखर थांबली. ठोकळ्याचा ढोल वाजत राहिला, पण स्नेअरच्या जागी टेबलावर नख आपटल्यासारखं टक् टक् ऐकू यायला लागलं. खुडबुडी खुर्चीत बसली आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली.

तिनं अकरा नवे ट्रान्झिस्टर आणून एकेक लावून पाहिले. हल्लीचे ट्रान्झिस्टर म्हणजे अगदी सज्जन. आवाज चढवत नाहीत, खाकरत नाहीत. अकराच्या अकरा सभ्य आणि निरुपयोगी. भागीदार म्हणाला, मामांना सांगून टाक, खाऊन तर टाकणार नाहीत. ती म्हणाली, खाऊन टाकलं असतं तर परवडलं असतं. भागीदाराला ते कळलं नाही, आणि तिनं समजावलंही नाही.

त्याऐवजी तिनं काय केलं? जी बाई फोटो आणि माणूस यांच्यावरून लोकांशी भांडायची, तिनं नखाएवढी एक चिप घेतली. जळण्याआधी रेकॉर्ड केलेली ठोकळ्याची चार सेकंदांची खरखर तिच्यात भरली, ती गोल गोल फिरत राहील अशी सोय केली आणि चिप ठोकळ्याच्या पोटात बसवून झाकण लावलं. हळू वेगात वाजवून पाहिलं, झकास. भरभर वाजवून पाहिलं, झकास. स्वतःची शरम वाटली, पण सुटकाही वाटली. आणि सुटका वाटल्याचीच जास्त शरम वाटली.

तर असा हा ठोकळा घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. दार मामींनी उघडलं. मामी म्हणजे हसतमुख बाई, तोंडानं फटकळ, पण एक विचित्र सवय. घरातल्या कुठल्याही यंत्राला हात लावायच्या नाहीत. मिक्सर लावायचा तर मामांना हाक, टीव्हीचा रिमोट मामांकडं, टेलिफोनसुद्धा दोन बोटांनी उचलायच्या. माझ्या हाताला यंत्र लाभत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खुडबुडी लहानपणापासून ते ऐकत आली होती, आणि काही माणसांना मांजर चालत नाही तसं हे असेल असं समजत आली होती. आजही मामींनी ठोकळा बघितल्याबरोबर दोन पावलं मागं होऊन वाट दिली, बस म्हणाल्या आणि भाजी चिरायला आत गेल्या.

मामांनी तयारी करून ठेवली होती. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. टेबल भिंतीला लावलेलं, खुर्ची पाठमोरी वळवलेली. खुडबुडीनं ठोकळा ठेवला, कॉम्प्युटर ठेवला, दोघांच्या तारा एकाच स्पीकरला जोडल्या. मामा उठून आले, वेगाची खुंटी लाल ठिपक्यावर आणली आणि परत जाऊन खुर्चीत पाठ करून बसले. खुडबुडीनं कॉम्प्युटरचा वेगही त्याला जुळवून घेतला. तिला त्या वेळी काही वाटलं नाही. ठिपक्यावर तिनं चिप वाजवून पाहिलीच नव्हती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पहिला म्हणून तिनं ठोकळा वाजवला. मामांचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागलं. मिनिटभरानं दुसरा म्हणून कॉम्प्युटर. बोट चालूच. मामा म्हणाले, परत पहिला. तिनं परत ठोकळा लावला. या खेपेला मामांचं बोट मध्येच थांबलं. त्यांनी मान जराशी तिरकी केली. पुन्हा दुसरा मागितला, पुन्हा पहिला. मग हात वर करून बंद करायला सांगितलं.

"दुसरा माझा ठोकळा," मामा म्हणाले. "पहिला तुझा कॉम्प्युटर."

मामा भिंतीकडं बघतच पुढं सांगू लागले. छान जमलंय, ढोल तर मला वेगळा काढता आला नसता. पण खरखरीत मार खाल्लास. दर दोन फेऱ्यांनी तीच खरखर परत येते, तिसऱ्या फटक्याला तेच खाकरणं, त्याच जागी. ठोकळ्याची खरखर एकदा गेली की गेली, पुन्हा भेटत नाही.

आता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. ठिपक्याच्या वेगात तालाच्या दोन फेऱ्यांना बरोबर चार सेकंद लागत होते. चिप आणि ताल एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालत होते, म्हणून प्रत्येक फटक्याला खरखरीचा तोच तुकडा मिळत होता. बाकी कुठल्याही वेगात हे लपलं असतं. नेमका याच ठिपक्यावर घात झाला.

बघा तरी गंमत. तिनं गणितातून उभं केलेलं मशीन मामांनी आपलं म्हणून ओळखलं होतं. तिच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. आणि मामांचं स्वतःचं मशीन, चौदा वर्षं ज्याच्या शेजारी ते बसले, ते त्यांनी परकं म्हणून बाजूला काढलं होतं. बरं, अजून त्यांची पाठ होती. बरोबर ओळखलंत मामा, एवढे तीन शब्द बोलले की काम झालं. सॉफ्टवेअरला ठोकळ्याचं नाव मिळालं नसतं, बस. नाव जाऊ दे चुलीत. थाप पोटातच राहिली असती आणि खुडबुडी घरी गेली असती. तिनं ते बोलायला तोंड उघडलंसुद्धा.

पण मागून काही आवाज येईना म्हणून मामांना वाटलं, पोरीचा हिरमोड झाला. ते भिंतीकडं बघूनच तिची समजूत काढायला लागले. म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस. आठवडाभरात करशील दुरुस्त. हवा तर ठोकळा आणखी महिनाभर ठेवून घे, तुझ्याकडं असला म्हणजे मला घोर नाही.

यावर मात्र तिचा बांध फुटला.

"मामा, पहिला ठोकळाच होता," ती म्हणाली. "दुसरा कॉम्प्युटर. ठोकळा माझ्या हातून बिघडला. खरखरीचा ट्रान्झिस्टर मी जाळला आणि तुमच्यापासून लपवला."

मामा खुर्ची सरकवून वळले. त्यांनी ठोकळ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण निघालं. चिप दिसली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा अगदी जवळ नेला आणि विचारलं, जळालेला कुठाय? तिनं तो कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवला होता. तिला तो टाकवला नव्हता. तिनं पुडी सोडली. तिला वाटलं, आता ते वाक्य येणार. तिनं डोळे मिटून घेतले, पाच वर्षांची असताना आईसमोर मिटायची तसे.

"हात पुढं कर," मामा म्हणाले.

तिनं केला. मामांनी ट्रान्झिस्टर तिच्या तळव्यावर ठेवला आणि बोटानं उलटा केला. पाठीवर नंबर आहे का बघ म्हणाले. ती म्हणाली, पुसलाय. मामा म्हणाले, पुसला नाही, मी पॉलिशपेपरनं घासलाय. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज एवढा खाली आणला की तिला पुढं वाकून ऐकावं लागलं.

हा ट्रान्झिस्टर ठोकळ्याचा नव्हताच. ठोकळ्याचा मूळचा मामांनी स्वतः जाळला होता, चाळीस वर्षांपूर्वी, शनिवारी दुपारी, याच टेबलावर. पिन सरकूनच. संध्याकाळी हॉलमध्ये लग्नाची पार्टी, दुकानं बंद, ड्रमवाला तर कधीच गेलेला. मामांनी घरभर नजर फिरवली, आणि ती जाऊन थांबली स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या रेडिओवर. लग्नानंतरच्या पहिल्या पगारातून त्यांनी तो मामींना आणला होता. मामी बाजारात गेलेल्या. रेडिओत सात ट्रान्झिस्टर निघाले. मामांनी एकेक काढून ठोकळ्यात लावून पाहिला. सहा सज्जन निघाले आणि एक बदमाश. रेडिओला जो सगळ्यांत वाईट, तोच ठोकळ्याला सगळ्यांत चांगला. सहा जागच्या जागी बसवले, बदमाश ठेवून घेतला, रेडिओ होता तसा खिडकीत उभा केला. सोमवारी नवा आणून बसवू, तिला कळायचंही नाही, असा त्यांचा हिशेब.

पण त्याच संध्याकाळी मामी म्हणाल्या, रेडिओ बोलत नाही हो, जुना झाला बहुतेक. मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाले, हो, जुनाच झाला होता. एकदा असं म्हणून बसल्यावर सोमवारी कुठल्या तोंडानं दुरुस्त करणार? सोमवारचा मंगळवार झाला आणि मंगळवारची चाळीस वर्षं. कधी कोणी ठोकळा उघडला तर रेडिओचा ट्रान्झिस्टर ओळखेल म्हणून त्यांनी नंबर घासला आणि कोणाला उघडू दिला नाही.

खुडबुडीला हसावं की रडावं कळेना. म्हणजे मामांचा तो करारी आवाज, ते माझ्याशिवाय कोणी उघडलेलं नाही, ते सगळं यासाठी? मग मला कसा दिलात, असं तिनं विचारलं. मामा म्हणाले, तुला नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगू, मला वाटलं, कळलं तर कळू दे एकदाचं. चार महिने झाले, फोन वाजला की तुझाच असणार असं वाटतं. म्हटलं, आता विचारणार, मामा, हा ट्रान्झिस्टर कुठला?

"आणि मला वाटत होतं, तुम्ही मला कधी हात लावू देणार नाही परत," ती म्हणाली.

मामांनी नुसतं तिच्या डोक्यावर टपली मारली. तीन आठवड्यांचा धोंडा त्या एका टपलीनं उतरला. तिनं नाक पुसलं. मामा तर लगेच कामाला लागले. सांगत होते, रेडिओतल्या त्या सहा सज्जनांत एक जरा कमी सज्जन होता. तो अजून चालेल. रेडिओ कपाटावर आहे, तुझ्या मामीनं फडक्यात गुंडाळून ठेवलाय, टाकू देत नाही. ती दुपारी खाली गेली की हळूच काढू.

"कशाला हळूच काढताय?" मामी म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. एका हातात सुरी, दुसऱ्यात अर्धं चिरलेलं गाजर. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. मामांचं तोंड पडलं. ते उठून उभे राहिले, शाळेत बाकावर उभं करावं तसे. मग एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. तुझा रेडिओ जुना नव्हता झाला, मीच त्याचा ट्रान्झिस्टर काढला, चाळीस वर्षं तुझ्याशी खोटं बोललो, आता काय म्हणायचं ते म्हण. खुडबुडी मनात म्हणाली, आता काही खरं नाही. मामींच्या तोंडाचा पट्टा सुटला म्हणजे तो लवकर आवरत नसे.

मामींनी गाजर आणि सुरी टेबलावर ठेवली आणि त्या पाठमोऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"तुम्ही काढलात?" त्यांनी विचारलं. "मी बाजारातून आले तेव्हा तो आधीच बंद होता?"

मामांनी मान हलवली.

मामींनी पदर तोंडाला लावला. खुडबुडीला वाटलं त्या रडताहेत. रडतही होत्या, पण खांदे हसल्यासारखे हलत होते. मग त्या सांगू लागल्या. त्या शनिवारी बाजारातून आल्यावर त्या खिडकी पुसत होत्या. कोपर लागलं, रेडिओ खाली फरशीवर आपटला, कोपऱ्याचा टवका उडाला. घाईघाईनं उचलून लावून पाहिला तर आवाज नाही. नवऱ्यानं पहिल्या पगारातून आणलेली वस्तू आपण फोडली. त्यांनी टवक्याची बाजू भिंतीकडं वळवून ठेवली आणि संध्याकाळी सांगितलं, जुना झाला बहुतेक. नवरा हो म्हणाला, तेव्हा त्यांना वाटलं, याला कळलंय, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतोय.

मामा म्हणाले, तो टवका? मला वाटलं माझ्या स्क्रूड्रायव्हरनं उडाला.

"चाळीस वर्षं मी मिक्सरचं बटणसुद्धा तुमच्याकडून दाबून घेतलं," मामी म्हणाल्या. "माझ्या हाताला यंत्र लाभत नाही म्हणून."

मामा खुर्चीशेजारी उभे राहून मामींच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांना शिक्षा म्हणून मामींनी एक चिमटा काढला, चांगला जोरात, आणि मग त्याच हातानं त्यांचा हात धरून ठेवला. खुडबुडी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

रेडिओ कपाटावरून खाली आला. फडक्यावर इतकी धूळ की तिघंही शिंकले. मामांनी सहा सज्जन तपासले, त्यातला कमी सज्जन शोधला. सोल्डर करायला त्यांनी भाचीला बसवलं. स्वतःचा हात आता हलतो, म्हणाले. तिनं चिप काढली, ट्रान्झिस्टर बसवला, मीटरची पिन त्याच्या पायाला लावायची वेळ आली तेव्हा क्षणभर थबकली. मामा म्हणाले, सरकली तर अजून पाच आहेत. पिन सरकली नाही.

खरखर आली. तीच नव्हे. जुनीपेक्षा थोडी बारीक, आणि खाकरण्याऐवजी मधूनच शीळ घातल्यासारखी. मामांनी डोळे मिटून ऐकलं. खुडबुडीला चुटपुट लागली. तिनं विचारलं, जुनीसारखी नाही ना? मामा म्हणाले, जुनी तुझ्या कॉम्प्युटरात आहे की. मीच ओळखली नाही का पाठ करून? तिला ठोकळ्याचं नाव दे आणि फोटोही छाप. फक्त त्यात लिही की खरखर मामीच्या रेडिओची आहे.

रेडिओच्या दोन रिकाम्या जागांचा प्रश्नही सुटला. खुडबुडीच्या पिशवीत ते अकरा सभ्य ट्रान्झिस्टर पडून होते. ठोकळ्याला नालायक, पण रेडिओला असलेच हवेत. थोडं जुळवून घ्यावं लागेल, पुढच्या रविवारी बसवू, असं मामा भाचीचं ठरलं. मामी म्हणाल्या, सोमवारचं नाव काढू नका, एवढं पुष्कळ.

मग त्या उठल्या. टेबलापाशी आल्या आणि ठोकळ्यासमोर उभ्या राहिल्या. झाकण अजून उघडंच होतं. हात त्यांनी सवयीनं पाठीमागं धरले होते. बटणांची रांग, खुंटी, खुंटीशेजारचा आपल्याच नेलपॉलिशचा ठिपका, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं.

"मी लावू?" त्यांनी विचारलं.

"लाव की," मामा म्हणाले. "ते शेवटचं बटण."

मामींनी उजवा हात पुढं आणला. बोट बटणावर टेकवलं, जरा थांबल्या आणि दाबलं. ढोल वाजला. मग स्नेअर, तिची ती नवी शीळ घालणारी खरखर, मग पुन्हा ढोल. मामींनी चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं आणि ठोकळ्याकडं बघत राहिल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. काहीही बंद पडलं नाही.

बंद करायचं असेल तर तेच बटण परत दाबायचं, असं खुडबुडीनं सांगितलं. मामींनी बोट पुन्हा बटणावर नेलं आणि नुसतंच तिथं ठेवलं.

"राहू दे जरा वेळ," त्या म्हणाल्या.